समस्त मानवजातीस, स. न. वि. वि.

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. नारळीकरांनी विज्ञान सामान्य मराठी माणसाच्या दारापर्यंत आणून पोचवले, असे त्यांच्याविषयी आदराने म्हटले जाते. ते खरेच आहे. आमच्या वयाच्या अनेकांनी कृष्णविवर हा शब्द पाठ्यपुस्तकात नव्हे, तर त्यांच्या कथेतच प्रथम वाचला. परंतु दारापर्यंत नेमके काय आले, याचा विचार फारसा झालेला नाही. ज्ञान आले, कुतूहल आले, हे मान्य. इशारा आला का? माणसाने स्वतःच्याच बुद्धीने स्वतःवर ओढवून घेतलेल्या संकटांची चाहूल वैज्ञानिकाला सर्वांच्या आधी लागते. ती त्याने इतरांना कोणत्या शब्दांत सांगावी? हा प्रश्न जितका विज्ञानाचा तितकाच भाषेचा, किंबहुना साहित्याचा आहे. म्हणूनच दिवाळी अंकाच्या पानांवर त्याची चर्चा करण्याचे धाडस करीत आहे.

पत्रलेखन शिकवताना आम्ही मुलांना पहिली गोष्ट सांगतो ती मायन्याची. वडिलांना तीर्थरूप, मित्राला प्रिय, अनोळखी गृहस्थाला स. न. वि. वि. मायना चुकला की खालचा सगळा मजकूर डळमळतो, कारण आपण कोणाशी बोलतो आहोत हेच लिहिणाऱ्याला उमगलेले नसते. वैज्ञानिकांचे गाजलेले इशारे मी या मास्तरी दृष्टीने वाचू लागलो, तेव्हा एक चमत्कारिक बाब ध्यानात आली. ही पत्रे मजकुराने भक्कम आहेत आणि मायन्याने कच्ची.

९ जुलै १९५५ रोजी बर्ट्रांड रसेल यांनी लंडनमध्ये पत्रकारांपुढे एक निवेदन ठेवले. अणुयुद्ध झाले तर मानवजातच नाहीशी होऊ शकते, तेव्हा राष्ट्रांनी आपले तंटे शांततेने मिटवावेत, हा त्याचा आशय. त्यावर अकरा जणांच्या सह्या होत्या. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये, मृत्यूच्या अवघ्या काही दिवस आधी सही केली होती. आपण अमुक देशाचे वा पंथाचे म्हणून नव्हे, तर माणूस म्हणून माणसांशी बोलत आहोत, ही त्यातली भूमिका आजही मनाला भिडते. पण या पत्राला उत्तर कोणी दिले? मानवजातीने नाही. वैज्ञानिकांनी दिले. १९५७ साली कॅनडातील पगवॉश या लहानशा गावी निरनिराळ्या देशांचे वैज्ञानिक एकत्र जमले, त्या परिषदा पुढे चालू राहिल्या, आणि १९९५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्या परिषदांना व जोसेफ रॉटब्लाट यांना विभागून देण्यात आले. म्हणजे ज्यांचा पत्ता आणि ज्यांची बोली लिहिणाऱ्यांना ठाऊक होती, त्यांना पत्र पोचले.

१९९२ साली अमेरिकेतून असेच एक निवेदन निघाले. त्याचा मायनाच मुळी 'मानवजातीस' असा होता आणि त्यावर जगभरच्या सुमारे सतराशे वैज्ञानिकांच्या सह्या होत्या. हवा, पाणी, जंगल, माती, वाढती लोकसंख्या, सगळ्यांविषयी त्यात कळकळीने लिहिले होते. पंचवीस वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याची दुसरी सूचना निघाली. या वेळी सह्या पंधरा हजारांच्या वर गेल्या, १८४ देशांतून आल्या. सह्या नऊ पटींनी वाढल्या, मायना तोच राहिला. अणुवैज्ञानिकांच्या एका नियतकालिकाने १९४७ पासून मुखपृष्ठावर चालवलेले 'प्रलयाचे घड्याळ'ही याच जातीचे. तेव्हा मध्यरात्रीला सात मिनिटे बाकी होती, जानेवारी २०२५ मध्ये ८९ सेकंद उरले. कल्पना झकास आहे, वर्तमानपत्रांना दरवर्षी बातमी मिळते. पण शाळेचा शिपाई घंटा देतो तेव्हा मुलांना वर्गात जायचे की मैदानावर, हे ठाऊक असते. या घड्याळाकडे पाहून आळंदच्या किंवा भालकीच्या माणसाने उठून कुठे जायचे, ते घड्याळ लावणाऱ्यांनी सांगितलेले नाही.

आपल्या माणसांत या अडचणीचे ठळक उदाहरण म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. वडील धर्मानंद गोव्याचे. त्यांनी पाली ग्रंथांत शोधलेला बुद्ध मराठीत, साध्या माणसाला समजेल अशा मराठीत लिहून काढला. मुलगा जगन्मान्य गणिती आणि इतिहासकार. १९४५ ते १९६२ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्याहून डेक्कन क्वीनने जाऊन येऊन. विश्वशांतीच्या चळवळीत ते हिरिरीने वावरले. भारतासारख्या देशाने अणुऊर्जेच्या मोहात न पडता सूर्याच्या ऊर्जेकडे वळावे, असे त्यांनी ५ जुलै १९६० रोजी पुण्याच्या रोटरी क्लबमधील भाषणात सांगितले. त्या काळी हे म्हणणे वेड्यात काढण्याजोगे होते. आज याच कर्नाटकात पावगड येथे जगातल्या मोठ्या सौरउद्यानांपैकी एक उभे आहे. मुद्दा कोसंबींच्या द्रष्टेपणाचा नाही. अणुभट्टी, वीज, गरीब देशाचा पैसा हे सारे ज्याच्या डोक्यावर येऊन पडणार होते, तो माणूस रोटरीच्या सभागृहात नव्हता, आणि भाषण इंग्रजीत होते. बापाने बुद्धाला मराठीत आणले, लेकाचा इशारा मात्र इंग्रजीतच राहिला. पुणे-मुंबईच्या विद्वानांनी कोसंबींवर पुष्कळ लिहिले आहे, पण या गोष्टीची हळहळ मला त्यात क्वचितच आढळली.

नारळीकरांनी ही चूक केली नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून केलेले हे नाव. आपल्या कीर्तीच्या भारावर नव्हे, तर गोष्टीच्या बळावर पारितोषिक मिळावे, ही त्यामागची सचोटी. मराठीत लिहायचे, गोष्टीतून लिहायचे, आणि वाचकाला शहाणे समजायचे, हे त्यांनी आरंभीच ठरवले होते. म्हणून त्यांच्या कथांतील इशारा तपासणे अधिक अगत्याचे ठरते.

त्यांची 'धूमकेतू' ही कथा अनेकांना आठवत असेल. दत्तादा नावाचे बंगाली गृहस्थ हौसेखातर दुर्बीण लावून आकाश न्याहाळतात आणि त्यांना एक नवा धूमकेतू सापडतो. गौरव होतो, सत्कार होतात. पत्नी इंद्राणीदेवी मात्र धास्तावते. धूमकेतू म्हणजे अरिष्ट, तो आपल्या यजमानांच्या नावाने ओळखला जावा हे तिला सोसवत नाही. दत्तादा तिला समजावतात, की धूमकेतूचा आणि पृथ्वीवरच्या संकटांचा काहीएक संबंध नसतो. पुढे एका तरुण ब्रिटिश शास्त्रज्ञाचे गणित सांगते की हाच धूमकेतू पृथ्वीवर आदळणार आहे. त्याचा लेख छापू दिला जात नाही. निवडक वैज्ञानिकांची गुप्त बैठक होते, तिला दत्तादाही जातात. अण्वस्त्रांचा स्फोट घडवून धूमकेतूला वाटेवरून ढकलायचे ठरते आणि तसे ते घडते. दत्तादा घरी परततात, तर इकडे अरिष्टनिवारणासाठी यज्ञ उरकलेला! जग कोणी वाचवले, याचे श्रेय घरात यज्ञाला जाते आणि दत्तादा विषण्ण होतात.

कथा अंधश्रद्धेवर आहे असे आपण वर्गात शिकवतो, आणि लेखकाचाही रोख तोच आहे. पण कथा पुन्हा वाचा. इंद्राणीदेवीने धूमकेतूपासून धोका आहे असे म्हटले होते. धोका होता. दत्तादांनी धोका नाही असे सांगितले होते. खरे कळल्यावर त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही. गुप्ततेची शपथ पाळली आणि बायकोपाशीही तोंड उघडले नाही. तिची कारणमीमांसा चुकीची होती, यात शंका नाही. पण जिला अंधारात ठेवले, तिनेच अंधारात चाचपडू नये अशी अपेक्षा कथा करते. वैज्ञानिकांच्या त्या बंद खोलीला एक खिडकी असती, तर यज्ञकुंड पेटले असते का? हा प्रश्न नारळीकर विचारीत नाहीत. आणखी एक लहानशी गोष्ट: ज्या अस्त्रांविरुद्ध १९५५ चे ते पत्र लिहिले गेले, तीच अस्त्रे येथे तारणहार झाली आहेत, आणि त्याचेही कोणाला काही वाटत नाही.

मुंबईवर बर्फ पडते त्या त्यांच्या कथेत डॉ. वसंत चिटणीस हिमयुगाचे भाकीत करतात. एक पत्रकार सोडला तर कोणी त्यांना भीक घालीत नाही, आणि रस्ते पांढरे झाल्यावर सगळे त्यांच्याकडे धाव घेतात. इथे गुप्तता नाही, तर उपेक्षा आहे. पण दोन्ही कथांत माणसांची रचना सारखीच आहे. जाणता वैज्ञानिक, अजाण सरकार, मध्ये कोणी पत्रकार, आणि खाली थंडीने कुडकुडणारी किंवा यज्ञ करणारी जनता. जनतेला संवाद नाहीत.

आमच्या भागाला हे चित्र पटणारे नाही, कारण आम्ही ते उलट्या बाजूने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी कोसळले तेव्हा आम्ही विशीतले. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद, साऱ्या पट्ट्यात घरे हादरली. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ मध्येच, किल्लारीच्या परिसरात धक्के बसत होते आणि लोक भयभीत होते. भूकंपानंतर कित्येक रात्री माणसे अंगणात झोपली. 'आज रात्री दोन वाजता पुन्हा येणार' ही वार्ता गावोगाव मराठीत, कन्नडमध्ये आणि दखनीत एकाच वेगाने फिरत असे. अफवेला भाषांतरकार लागत नाही. तेरणेच्या धरणाचे पाणी याला कारण आहे का, हा प्रश्न चावडीवर उघडपणे विचारला जात होता, आणि तो अडाणी प्रश्न नव्हता. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा तेथील जलाशयाशी संबंध आहे, असे बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात. किल्लारीविषयीही हा वाद वैज्ञानिकांत झाला. पण तो झाला शोधनिबंधांत. चावडीवर कोणी येऊन 'तुमचा प्रश्न रास्त आहे, एवढे आम्हांला ठाऊक आहे, एवढे नाही' असे दोन भाषांत सांगितलेले मला आठवत नाही. मोकळी जागा राहिली की तिथे 'आज रात्री दोन वाजता' येऊन बसते.

नारळीकरांच्या लेखनातला खरा सभ्यतेचा इशारा मला 'वामन परत न आला' या १९८६ च्या कादंबरीत दिसतो. जमिनीखाली एका लुप्त, अतिप्रगत संस्कृतीची पेटी सापडते. तीतील माहितीवरून वामन नावाचा यंत्रमानव घडवला जातो. हा वामन स्वतःसारखे आणखी वामन घडवू पाहतो. आणि हळूहळू कळते की ज्यांनी ती पेटी पुरली, ते आपल्याच हातच्या यंत्रांपायी लयाला गेले. विचार करणाऱ्या यंत्रांची चर्चा आज घरोघर आहे, नववीतला मुलगाही निबंध यंत्राकडून लिहवून आणतो आणि मला तो लगेच ओळखू येतो (चुका नसतात). अशा वेळी ही कादंबरी चाळीस वर्षे आधी लिहिली गेली, याचे नवल वाटते. येथे पेटी हेच एक पत्र आहे. लिहिणारे नाहीसे झाले, वाचणारे कोण असतील हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि वाचणाऱ्यांनी त्यातील कृती आधी वाचली, सावधगिरी मागाहून. वैज्ञानिक इशाऱ्याचे याहून नेमके रूपक मराठीत मला आढळलेले नाही. टीकाकारांनी ही कादंबरी रहस्यकथा म्हणून वाचून बाजूला ठेवली, हे मराठी समीक्षेला भूषणावह नाही.

नारळीकरांच्या कथांत जी माणसे मुकी आहेत, त्यांना बोलते करण्याचा खटाटोप दुसऱ्या एका मराठी वैज्ञानिकाने केला. माधव गाडगीळ पुण्याचे, पण त्यांचे उमेदीचे आयुष्य बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि उत्तर कन्नडच्या जंगलांत गेले. देवराया, बांबू, कागद गिरणीने केलेली तोड, यांचा अभ्यास त्यांनी गावकऱ्यांशी बोलत केला. पश्चिम घाटासंबंधीच्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये आपला अहवाल केंद्र सरकारला दिला. सरकारने तो दडपून ठेवला. माहितीच्या अधिकारात मागणी झाली, प्रकरण केंद्रीय माहिती आयोगापर्यंत आणि पुढे दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. 'धूमकेतू'तली बंद खोली ती हीच, फक्त या वेळी तिच्यातला वैज्ञानिक दारावर आतून धक्के मारीत होता.

अहवालाचा गाभा असा, की घाटाच्या कोणत्या भागात खाण, धरण, बांधकाम चालेल आणि कोणत्या भागात नाही याची श्रेणी समितीने सुचवली, पण ती अखेरची न मानता ग्रामसभांपुढे ठेवावी आणि त्यांच्या म्हणण्यानुसार ठरवावे, असे सांगितले. अहवाल स्थानिक भाषांत जावा, हा गाडगीळांचा आग्रह होता. वैज्ञानिक इशाऱ्याच्या वाङ्मयात ही मला मोठी घटना वाटते. येथे पत्राला प्रथमच पत्ता मिळाला: ग्रामसभा, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक. शिवाय उत्तराची अपेक्षाही लिहिलेली.

तरीही पत्र पोचले नाही, आणि याचा दोष केवळ सरकारवर टाकून गाडगीळांच्या चाहत्यांना मोकळे होता येणार नाही. अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत होता. भाषांतरे निघेपर्यंत 'तुमची घरे जाणार, गुरे चारायला बंदी होणार' ही वार्ता डोंगर चढून गेली होती, अर्थातच लोकांच्या भाषेत. डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीने २०१३ मध्ये संरक्षित क्षेत्र बरेच कमी करून दिले, तरी त्याच वर्षी केरळात उग्र आंदोलन झाले. कर्नाटक मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये तो कमी केलेला अहवालही नाकारला. मधल्या काळात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव डोंगराखाली गेले, दीडशेच्या आसपास माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी गेली. ३० जुलै २०२४ रोजी वायनाड. प्रत्येक वेळी गाडगीळांचे नाव वर्तमानपत्रांत आले. माळीणच्या कारणांविषयी मतभेद आहेत आणि प्रत्येक दरड अहवाल नाकारल्यामुळेच कोसळली, असे म्हणणे विज्ञानाला धरून होणार नाही. इशारा खरा ठरला, हे मेलेल्या माणसांच्या अंगावर उभे राहून सांगण्याची घाई पत्रकारांनी केली.

घाटाशी आपला काय संबंध, असे पठारावरच्या वाचकाला वाटेल. अफजलपूर आणि जेवर्गीकडच्या वाचकाला वाटणार नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ज्या भीमेने त्यांची गावे वेढली, ती भीमाशंकरला उगम पावते, आणि माळीण त्याच डोंगरांच्या कुशीत आहे. वर डोंगराचे काय होते, ते खाली आपल्या शिवाराला कळते, फक्त उशिरा.

गाडगीळांचे आत्मकथन 'सह्याचला आणि मी' राजहंस प्रकाशनाने २०२३ मध्ये मराठीत काढले, आणि त्याच सुमारास ते कन्नडसह इतरही काही भाषांत आले. साहित्य म्हणून ते असमान आहे. बालपणीचे पक्षी, सालिम अलींचा सहवास, हत्तींची मोजदाद, हे भाग रसरशीत आहेत. समित्यांचा इतिहास सुरू झाला की लेखकाची लेखणी वकिली करू लागते आणि विरोधकाला बाजू उरत नाही. पण एक गुण सर्वत्र आहे. धनगर, कोळी, कुणबी, हालक्की ओक्कल, ज्यांच्यावर एरवी 'जनता' असा शिक्का बसतो, ती माणसे इथे काही जाणणारी म्हणून येतात आणि वैज्ञानिकाला चार गोष्टी सांगून जातात. कन्नडमध्ये शिवराम कारंतांनी याच वृत्तीने लिहिले. मुलांसाठी, मोठ्यांसाठी विज्ञानाचे कोश एकहाती रचणारा हा कादंबरीकार कैगा अणुप्रकल्पाला विरोध करीत न्यायालयात गेला, आणि वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, १९८९ मध्ये, पर्यावरणाच्या प्रश्नावर लोकसभेची निवडणूकही लढला. ते हरले. पण किनाऱ्यावरच्या मतदाराशी ते कन्नडमध्ये बोलले होते.

आम्हा दोन भाषांत राहणाऱ्यांना या व्यवहारातली एक गंमत, खरे तर गफलत, इतरांच्या आधी दिसते. ज्याला मराठीत 'पर्यावरण संवेदनशील क्षेत्र' म्हणतात, त्याला कन्नड कागदपत्रांत 'परिसर सूक्ष्म वलय' म्हणतात. कन्नडमध्ये सूक्ष्म म्हणजे नाजूक, जपून हाताळण्याजोगे. आमचा मराठी माणूस तो शब्द वाचतो आणि समजतो, अगदी लहानसा तुकडा असणार, आपले शेत काही त्यात येत नाही. उलट 'संवेदनशील' हा शब्द त्याने वर्तमानपत्रात वाचला आहे तो दंगलीच्या वेळी आणि निवडणुकीत: संवेदनशील वस्ती, संवेदनशील मतदान केंद्र, जादा पोलीस बंदोबस्त. तेव्हा मराठी कागद हातात पडला तर त्याला फौजदार दिसतो, कन्नड कागद पडला तर काहीच दिसत नाही. मागे दहावीच्या मुलांना मी हे दोन्ही शब्द फळ्यावर लिहून अर्थ विचारला. एका मुलीने विचारले, "सर, 'जपायची जागा' म्हटलं तर चालणार नाही का?" कन्नडमध्ये त्याला काय म्हणता येईल, यावर उरलेला तास गेला. तीन-चार शब्द सुचले, एकमत झाले नाही.